काचेआडचा कायदा

बँकेत, सरकारी कचेरीत किंवा एखाद्या मोठ्या शाळेत काही कामानिमित्त जाण्याचा प्रसंग आपणांवर वारंवार येतो. रांगेत उभे असताना नजर सहज भिंतीकडे वळते. तेथे काचेच्या चौकटीत एक कागद लावलेला असतो. कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ झाल्यास तिने कोणाकडे तक्रार करावी, हे त्या कागदावर लिहिलेले असते. कागद पिवळा पडलेला असतो, शाई उडालेली असते. गेल्या वर्षभरात आम्ही अशा चौकटींपुढे मुद्दाम थांबून तो मजकूर वाचीत आलो आहोत. एके ठिकाणी समितीच्या अध्यक्षा म्हणून ज्यांचे नाव होते, त्या दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी दूरध्वनीचा क्रमांक अस्तित्वातच नव्हता. तिसऱ्या ठिकाणी, "ही समिती बसते कुठे?" असे आम्ही नम्रपणे विचारले, तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी आमच्याकडे संशयाने पाहून, "तुम्हांला कशाला हवंय?" असा उलट प्रश्न केला.

हा कागद लावण्याची सक्ती कायद्याने केलेली आहे. कागद लागला म्हणजे कायदा पाळला गेला, असे मालकाला वाटते; आणि कायदा केला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे सरकारला वाटते. या दोन समाधानांच्या मध्ये आपली लेक उभी आहे. आमचे गाऱ्हाणे एवढेच आहे, की सरकारने कायदा केला खरा. परंतु तो जिच्यासाठी केला तिच्या हाती पोहोचविण्याचे काम मालकाच्याच मर्जीवर सोपविले. घराच्या चाव्या ज्याच्यापासून भय त्याच्याच कमरेला बांधाव्यात, त्यातला हा प्रकार आहे.

हा विषय परक्याचा आहे असे आमच्या वाचकांपैकी कोणीही म्हणू नये. पहाटे वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांवर उभे राहून पाहावे. एके काळी आपल्या बायका भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन याच गाड्यांनी मुंबईच्या बाजारांत जात. आज त्यांच्या मुली व नाती त्याच फलाटांवरून इस्पितळांत परिचारिका म्हणून, कचेऱ्यांत टंकलेखिका व लेखापाल म्हणून, शाळांत शिक्षिका म्हणून, दुकानांत विक्रेत्या म्हणून जातात. आपली घरे, आपल्या मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्यांची औषधे यांतला मोठा वाटा या मुलींच्या पगारातून येतो. तो पगार घरी आणताना त्या काय सोसतात, हे आपण त्यांना विचारले आहे काय?

आमच्या ओळखीची एक मुलगी कापडाच्या दुकानात कामाला होती. सहासात विक्रेत्या, एक शेठ आणि त्याचा धाकटा भाऊ. माल काढण्यासाठी माळ्यावर जावे लागे आणि प्रत्येक वेळी तो धाकटा भाऊ मागून येई. प्रथम ती हसून टाळीत राहिली. मग तिने ही गोष्ट आईच्या कानावर घातली. आई म्हणाली, "बाय, कुणाला सांगू नकोस. तुझं लग्न ठरायचं आहे. दुसरी नोकरी मिळेपर्यंत सांभाळून घे." आई वाईट नव्हती, तिच्या आईने तिला जे सांगितले असते तेच तिने सांगितले. मुलीने पाच महिने सांभाळून घेतले. अखेरीस नोकरी सोडली, तेव्हा शेवटच्या महिन्याचा पगारही मिळाला नाही. महिला मंडळातील दोघीतिघींना ही हकिकत कळून त्या आमच्याकडे आल्या, तोपर्यंत आणखी चार महिने उलटून गेले होते. कायद्याचे पुस्तक उघडून आम्ही तारखा मोजल्या आणि पुस्तक मिटले. तक्रारीची मुदत संपलेली होती.

कायद्याची ही मुदत किती आणि ती अशी का, याकडे आम्ही पुढे येऊ. त्यापूर्वी हा कायदा कोणाच्या दुःखातून जन्मला याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. कारण सरकारने तो आपण होऊन, उदार होऊन दिलेला नाही.

१९७३ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने रुग्णालयाच्या आवारातच अमानुष हल्ला केला. त्यानंतर त्या जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयाच्या खाटेवर निपचित पडून राहिल्या आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचा अंत झाला. हल्लेखोरावर खटला झाला. परंतु तो चोरीचा आणि जीव घेण्याच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवण्यातच आला नाही. सात वर्षांची शिक्षा भोगून तो मोकळा झाला. अरुणाताईंना मरेपर्यंत न्हाऊमाखू घालून सांभाळले ते त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्या नव्या परिचारिकांनी. आपल्या धर्मग्रामांतून किती मुली परिचारिका झाल्या आहेत! त्यांपैकी प्रत्येकीने ही कहाणी प्रशिक्षणाच्या काळातच ऐकलेली आहे.

पुढे १९९२ च्या सप्टेंबर महिन्यात राजस्थानात जयपूरजवळच्या भटेरी गावी भंवरीदेवी या सरकारी महिला विकास कार्यक्रमातील 'साथिन'वर सामूहिक बलात्कार झाला. तिचा अपराध काय? नेमून दिलेले काम तिने चोख केले होते. गावातील एका तान्ह्या मुलीचा बालविवाह रोखण्याचा तिने प्रयत्न केला होता. ज्या सरकारचे काम करताना तिच्यावर हा प्रसंग गुदरला, त्या सरकारने तिच्यासाठी काय केले याचे उत्तर देण्यासारखे नाही. १९९५ साली सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. त्याआधीच 'विशाखा' आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या होत्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांनी ऐतिहासिक निर्णय दिला. यांपैकी सुजाताबाईंनी पूर्वी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद भूषविलेले होते. संसद कायदा करीपर्यंत प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असावी आणि तिची अध्यक्षा स्त्री असावी, असे या निर्णयाने बजावले.

संसदेला तो कायदा करावयास १६ वर्षे लागली. मधल्या काळात न्यायालयाचा आदेश बहुतेक ठिकाणी धूळ खात पडला. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांना त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि २०१२ साली न्यायालयाने राज्य सरकारांना नव्याने खडसावले. २०१० साली सरकारने जे विधेयक मांडले, त्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांना चक्क वगळलेले होते. ज्या स्त्रीचे कामाचे ठिकाण म्हणजे दुसऱ्याचे बंद दार, तिलाच कायद्याच्या बाहेर ठेवण्याचा हा अजब न्याय! घरकामगारांच्या संघटनांनी त्यावर आवाज उठविला. बेल्जियमहून भारतात आलेल्या धर्मभगिनी जीन डेव्होस यांनी १९८५ साली उभारलेली राष्ट्रीय घरकामगार चळवळ अशा स्त्रियांसाठी मुंबईत व इतरत्र किती वर्षे झटत आली, हे आमच्या वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. संसदीय समितीनेही घरकामगारांच्या बाजूने कौल दिला आणि अखेर त्यांचा समावेश झाला. २०१३ च्या एप्रिल महिन्यात राष्ट्रपतींची संमती मिळून ९ डिसेंबर २०१३ पासून हा कायदा अमलात आला.

कायदा वाचणारा मनुष्य प्रथम समाधानच पावेल. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात, तेथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. अध्यक्षा ज्येष्ठ पदावरील स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया चालणार नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतील हवा. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. चौकशी चालू असता तक्रारदार स्त्रीला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. तिचे नाव गुप्त राहिले पाहिजे. पैसे देऊन प्रकरण मिटविता येणार नाही. लिहिता न येणाऱ्या स्त्रीला तक्रार लिहून देणे हे समितीचेच काम आहे. नोकरी कायम असो वा हंगामी, रोजंदारी असो वा कंत्राटी, मोबदला मिळो वा न मिळो, प्रत्येक स्त्री या कायद्याच्या छायेत येते. आणि जेथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. एवढे सारे शब्द कागदावर असताना मग आमचे भांडण कशासाठी?

आमचे पहिले भांडण असे, की अंतर्गत समिती मालक नेमतो. अध्यक्षा त्याचीच पगारी नोकर असते; बाहेरचा सदस्यही तोच निवडतो. छोट्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार असेल तर अशी समिती कधी कधी चांगले काम करते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याच्या जिवावर कंपनी नफा मिळविते अशा बड्या माणसाविरुद्ध तक्रार आली म्हणजे काय होते?

प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यात, सोमवारच्या मिस्सेत आपण दानिएलच्या ग्रंथातील सुसानाची कथा ऐकतो. तिचा छळ करू पाहणारे दोन वडीलजन हेच त्या वर्षीचे न्यायाधीश होते, हा त्या कथेचा गाभा आहे. आमचे ऐकले नाहीस तर तुझ्याविरुद्ध साक्ष देऊ, अशी त्यांनी तिला धमकी दिली. आणि सभेने त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण ते मानाचे होते. सुसाना निरपराध असूनही तिला मरणाची शिक्षा झाली. ती वाचली कशाने? दानिएल नावाच्या तरुणाने उठून दोघा साक्षीदारांना वेगवेगळे विचारावयास लावले. कोणत्या झाडाखाली पाहिले, या प्रश्नाला एकाने एक झाड सांगितले, दुसऱ्याने दुसरे. जो त्या दोघांच्या मंडळात नव्हता, त्याने न्याय दिला. बाहेरची, निर्भय, स्वतंत्र नजर हवी ती यासाठी. सरकारने दानिएलचे काम करावयाचे असते. ते त्याने वडीलजनांवरच सोपविलेले आहे.

दुसरे भांडण अधिक मोठे आहे, कारण ते अधिक गरीब स्त्रियांचे आहे. दुकान, बेकरी, दवाखाना, शिवणकामाचा छोटा कारखाना, शिकवणीवर्ग यांतून काम करणाऱ्या स्त्रियांना अंतर्गत समिती नाहीच. त्यांना आणि घरकामगारांना एकच दार, ते म्हणजे स्थानिक समिती. ही समिती जिल्ह्याची असते. वसईतील दुकानात राबणाऱ्या मुलीचा जिल्हा पालघर. सकाळी डहाणू लोकल पकडून पालघर गाठायचे, कचेरी शोधायची, साहेब दौऱ्यावर असल्यास परत यायचे. एका दिवसाची मजुरी बुडाली आणि शेठला कारण काय सांगायचे? कायद्याने यावरही तोड सांगितलेली आहे. ग्रामीण भागात प्रत्येक तालुक्याला आणि शहरात प्रभागाला किंवा नगरपालिकेला एक समन्वय अधिकारी नेमावा; त्याने तक्रार घेऊन सात दिवसांच्या आत समितीकडे पाठवावी. हे वाचून आम्ही एका सरकारी कचेरीत गेलो आणि हे अधिकारी कोण, असे विचारले. एका टेबलाने दुसऱ्या टेबलाकडे धाडले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी मात्र प्रामाणिकपणे सांगितले, "असं पद आहे हे मी आजच ऐकलं." आम्ही त्या बाईंना दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आमचा हा अनुभव अपवादात्मक असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका विद्यापीठीय प्रकरणाचा निकाल देताना, कायद्याला दशक होत आले तरी त्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत, असे खेदाने नोंदविले. त्याच सुमारास देशातील महिला कुस्तीगीर दिल्लीच्या रस्त्यावर बसल्या होत्या; आणि ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांत नियमाप्रमाणे समितीच नाही, हे वृत्तपत्राच्या पाहणीतून उघड झाले होते. त्या वृत्ताची दखल न्यायालयाने निकालपत्रातच घेतली. पुढे ३ डिसेंबर २०२४ रोजी त्याच प्रकरणात न्यायालयाने सर्व राज्यांना आज्ञा केली, की ३१ डिसेंबरपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समित्या स्थापन करा आणि तालुक्यांना समन्वय अधिकारी द्या. वाचकहो, या तारखांकडे पुन्हा पाहा. कायदा २०१३ सालचा. आणि कायद्यात लिहिलेला अधिकारी नेमावा म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साली सरकारांचे कान धरावे लागतात! दरम्यानच्या ११ वर्षांत कित्येक मुली नोकऱ्या सोडून घरी बसल्या असतील. त्यांची मोजदाद कोण करणार?

सरकारच्या बाजूने असे सांगितले जाते, की २०१७ सालापासून 'शी-बॉक्स' नावाची संगणकीय तक्रारपेटी आहे आणि २०२४ साली ती नव्या रूपात सुरू झाली आहे. मोठ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक अहवालात समितीविषयी माहिती द्यावी, असा नियमही २०१८ साली झाला. ही पावले चांगलीच आहेत. परंतु मोबाइलवर शेठचा संदेश आला तरी जिचा हात कापतो, ती मुलगी कोणत्याही माणसाच्या आधाराशिवाय एकटीने दिल्लीच्या पेटीत तक्रार टाकील, ही कल्पना कचेरीतच सुचू शकते. आणि अहवाल छापणाऱ्या कंपन्यांत आपल्या मुली किती? माळ्यावरच्या त्या दुकानाचा अहवाल कोण छापतो?

तिसरे भांडण मुदतीचे. घटना घडल्यापासून, किंवा अनेक घटना असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत तक्रार केली पाहिजे. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, त्यापुढे नाही. जमिनीच्या वादात माणसे वर्षानुवर्षे कोर्टात जातात, उसनवारीच्या पैशासाठी तीन वर्षांची मुदत असते. आणि स्त्रीच्या अब्रूसाठी तीन महिने! हे तीन महिने कसे जातात हे आपणांस ठाऊक आहे. पहिला महिना, झाले ते खरोखरच झाले का, आपलेच काही चुकले का, या विचारात. दुसरा महिना आईला सांगावे की नाही यात. तिसरा महिना आईने बाबांना सांगावे की नाही यात. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातील अध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने मुदतबाह्य ठरविली. मात्र या निकालाचा उल्लेख त्या कुलगुरूंच्या परिचयपत्रात कायम राहावा, असेही न्यायालयाने फर्माविले. न्यायाधीशांचेही मन कायद्याच्या या बंधनाने अस्वस्थ झाले असावे, असा अर्थ आम्ही त्यातून काढतो. कायदा शिकविणाऱ्या विदुषीला जी मुदत पाळता आली नाही, ती कापड विकणाऱ्या मुलीने पाळावी काय?

यावर एक उत्तर ठरलेले असते: हा कायदा पुरुषांविरुद्ध वापरला जातो, खोट्या तक्रारी होतात, याने कोणी स्त्रियांना नोकरीच देणार नाही. पुरुषवाचकांपैकी काहींच्या मनात हे आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून त्याला टाळणार नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार करणारीवर कारवाई करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. मात्र पुरावा देता आला नाही म्हणजे तक्रार खोटी, असे समजू नये, असेही तोच कायदा सांगतो. आणि ते योग्य आहे, कारण माळ्यावर साक्षीदार नसतात. उपरोक्त गोव्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने काय केले तेही ऐका. समितीने घाईघाईने चौकशी उरकून आरोपीला आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून त्याच्यावरील कारवाई न्यायालयाने रद्द केली आणि प्रकरण पुन्हा चौकशीसाठी धाडले. नीट न शिकविलेली, नावापुरती समिती तक्रार करणाऱ्या स्त्रीवर अन्याय करते, तसाच आरोपी पुरुषावरही करते. तेव्हा खोट्या तक्रारीची ज्याला खरोखर भीती वाटते, त्याने तर सक्षम आणि स्वतंत्र समितीसाठी आमच्याहून मोठ्याने ओरडले पाहिजे. तो ओरडत नाही. यावरून त्याला भीती कशाची आहे, याचा अंदाज बांधता येतो. राहता राहिली नोकरी न देण्याची धमकी. स्त्रीला मान देणे परवडत नाही असे जो मालक म्हणतो, त्याच्याकडे आपल्या मुलीने नोकरी न केलेलीच बरी.

दुसऱ्यांकडे बोट दाखविताना आपल्या अंगणाकडे पाठ फिरविणे आम्हांस शोभणार नाही. आपल्या समाजाच्या शाळा आहेत, इस्पितळे आहेत, पतपेढ्या आहेत, वसतिगृहे आहेत. त्यांतून शेकडो स्त्रिया काम करतात. १८९१ साली तेरावे लिओ यांनी श्रमिकांविषयीचे विश्वपत्र काढले, तेव्हापासून श्रमाच्या प्रतिष्ठेविषयी आपण व्याख्याने देत आलो आहोत. भारतातील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने २०१७ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. प्रश्न असा, की ती आपल्या किती संस्थांच्या व्यवस्थापकांनी वाचली? शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईला समितीच्या अध्यक्षेचे नाव ठाऊक आहे काय? मोबदला न घेता काम करणारी स्त्रीही कायद्याच्या छायेत येते, हे वर आलेच आहे. मग कार्यालयात मदत करणाऱ्या मुलीविषयीची जबाबदारी आपण का झटकावी? संस्थेची बदनामी होईल म्हणून गप्प बसा, हा सल्ला आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलेला आहे. संस्थेची बदनामी तक्रारीने होत नाही. ज्या कृत्याची तक्रार होते त्या कृत्याने होते, आणि ते झाकल्याने दुप्पट होते.

आणि घर? वर सांगितलेल्या मुलीचे पाच महिने दुकानाने खाल्ले, पण पुढचे चार महिने तिच्या घराने खाल्ले, हे कटू असले तरी खरे आहे. तिच्या लग्नाची काळजी आपणांस वाटली. तिच्या झोपेची वाटली नाही. लेक कामावरून आल्यावर पगाराचा आकडा जसा विचारतो, तसा "तुझ्याशी तिथे नीट वागतात ना?" हा प्रश्न विचारावयास किती वेळ लागतो? आपल्या मुलग्यांनाही विचारले पाहिजे: तू ज्या ठिकाणी काम करतोस, तेथील मुलींशी तू कसा वागतोस? आज मुलींना सावध राहण्याची शिकवण घरोघर मिळते. मुलग्यांना सभ्य राहण्याची शिकवण किती घरांत मिळते?

सरकारपुढे आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींसाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. समन्वय अधिकाऱ्याचे नाव आणि चालू दूरध्वनी क्रमांक मराठीत, ठळक अक्षरांत, तहसील कचेरीत, ग्रामपंचायतीत, महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात, रेल्वे स्थानकावर आणि रेशन दुकानावर लागावा. स्थानिक समितीने महिन्यातून एक दिवस प्रत्येक तालुक्यात बसावे, आणि तोही रविवारी, जेणेकरून कोणाची मजुरी बुडणार नाही. दुकान उघडताना मालक शासनाला जी माहिती देतो, त्या वेळीच समितीचा पत्ता त्याच्या हाती द्यावा व तो दुकानात लावल्याची तपासणी व्हावी. तपासणीचा अधिकार कायद्याने सरकारला दिलेलाच आहे. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिल्ह्यात असे किती दंड झाले, किती तक्रारी आल्या आणि किती निकालात निघाल्या, हे दर वर्षी जाहीर करावे. आणि संसदेने तीन महिन्यांची मुदत किमान एक वर्षाची करावी.

या मागण्या घेऊन कोणी जावे? पाण्यासाठी आणि जमिनीसाठी 'हरित वसई'च्या झेंड्याखाली हजारोंनी रस्त्यावर उतरलेला हा तालुका आहे. त्या मोर्चांत बायका पुढे होत्या. विहिरीच्या पाण्यासाठी जी माणसे सरकारला जाब विचारू शकली, ती लेकीच्या सन्मानासाठी विचारू शकणार नाहीत, असे आम्हांस वाटत नाही. आरंभ छोटाच असो. प्रत्येक धर्मग्रामातील महिला मंडळाने एक निवेदन लिहावे आणि तहसील कचेरीत जाऊन एकच प्रश्न विचारावा: आमच्या तालुक्याचा समन्वय अधिकारी कोण? उत्तर मिळेपर्यंत दर महिन्याला विचारावा. ज्या मुलीला वेळेवर काही सांगता आले नाही, तिलाही कळावे, की समितीची मुदत संपली तरी सारे दरवाजे बंद होत नाहीत. लैंगिक छळ हा भारतीय न्याय संहितेच्या ७५ व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि पोलिसांत जाण्याचा तिचा हक्क कायम आहे. तिने त्या वाटेने जावे की नाही, हे तिने ठरवावे. परंतु जावयाचे ठरविल्यास तिच्यासोबत चालावयास आपण असावे.

ती कापड दुकानातील मुलगी आता दुसरीकडे कामाला लागली आहे. गेल्या महिन्यात ती भेटली, तेव्हा म्हणाली, "तिथे पण काचेत कागद लावलाय. मी पहिल्याच दिवशी वाचला. खालचा नंबर फिरवून पाहिला." लागला का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "नाही लागला. पण मी मॅडमना सांगितलं, नंबर बदला म्हणून. त्यांनी बदलला."